भिंतीतील छिद्र आणि आगीची वाट

आग लागली असता भिंत ही ज्वाला व धूर यांना काही काळ अडवून धरते आणि तेवढ्या अवधीत माणसे बाहेर पडू शकतात. पण भिंतीला छिद्र असेल तर हा आधार नाहीसा होतो. चारकोपची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या साह्याने १९८० च्या दशकात वसविली. पुढे तेथे, इतर उपनगरांप्रमाणेच, टीव्ही व इंटरनेटच्या केबल आल्या आणि भिंतींना नवी छिद्रे पडली. छिद्र पाडणारा निघून जातो. ते बुजवायचे कोणी, हा प्रश्न मागे उरतो.

ते कशानेही बुजवून भागत नाही. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी केबलच्या छिद्रातून हवा गळते काय, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होते. छिद्रात भरलेला फोमच पेटला. आग सुमारे सात तास धुमसली व सोळाशेंहून अधिक केबल निकामी झाल्या. म्हणून साधा फोम येथे वर्ज्य समजावा. नुसते सिमेंटही अपुरे पडते. कारण केबलचे प्लॅस्टिक आवरण जळाले की तेवढी पोकळी मोकळी होते. ही पोकळी भरण्यासाठी उष्णतेने फुगणारे सीलंट योजतात.

मग निवड कशी करावी? एकदोन केबलींच्या अरुंद फटीस फुगणारे सीलंट पुरते. मोठ्या छिद्रास लेप दिलेल्या खनिज-लोकरीच्या पाट्या किंवा अग्निरोधक मसाला योग्य. जेथे केबल वारंवार बदलतात तेथे काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधक उशा सोयीच्या. प्लॅस्टिकच्या नळीस फुगणारे कडे बसवावे, म्हणजे वितळती नळी चेपून वाट बंद होते. मात्र विकत घेतलेल्या मालाची चाचणी तशाच भिंतीवर, तशाच केबलींसह झालेली असली पाहिजे. भारतीय मानक १२४५८ अशा चाचणीसाठीच आहे. भिंत दोन तास टिकणारी असेल, तर छिद्राचे बूचही दोन तास टिकावे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षेच्या साधनांविषयी दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैमध्ये, प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्याच वेळी सोसायटीने केबलच्या डक्टची दारे उघडून प्रत्येक मजल्यावरील बूच पाहावे. आणि नवी केबल ओढणाऱ्याची मजुरी चुकती करण्यापूर्वी, त्याने पाडलेले छिद्र नीट बुजविले आहे, याची खात्री करून घ्यावी.