क्लच दाबायचा की नाही?

सेकंडहँड ‘हॉट हॅच’ घ्यायचीय, बजेट जेमतेम आहे आणि ऑफिस बीकेसीला. मुर्धा-राईकडे राहणाऱ्यासमोर मग एकच प्रश्न उरतो: डाव्या पायाला कामाला लावायचं की सुट्टी द्यायची?

खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कार आपल्या पगारात बसत नाहीत. पण त्यांची झिंग देणाऱ्या दोन गाड्या पुणे जिल्ह्यातच बनल्या. २०१३मध्ये चाकणहून आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस आणि फक्त सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. आणि २०१५मध्ये रांजणगावहून आलेली अबार्थ पुंटो: १.४ लिटर टर्बो, १४५ बीएचपी आणि फक्त पाच गिअरचा मॅन्युअल. गाडी निवडली की गिअरबॉक्स ठरलाच!

आता जरा तुमचा रोजचा रस्ता आठवा. मुर्धा गावातला अरुंद रस्ता, समोर उत्तनची बस, मागे मासळीचा टेम्पो. मग भाईंदर पूर्वेला या, गोल्डन नेस्ट, काशिमिरा, दहिसर चेकनाका. २०२४च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना तिथे टोल नाही, पण गर्दीला कोण माफी देणार? एवढ्या प्रवासात क्लच किती वेळा दाबला जातो, एकदा मोजून बघा. तुमचा गुडघा तुम्हाला सांगेलच.

म्हणून डोळे झाकून डीएसजी? थांबा बॉस. या डीएसजीत दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच तयार, त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवण्याआधी. हायवेवर निव्वळ जादू! पण हे क्लच ‘ड्राय’ आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मुंगीच्या चालीने सरकताना ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. याच गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे २०१३मध्ये चीनमध्ये जवळपास ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं, तर बिल सहा आकडी येऊ शकतं. हे सगळं गृहीत धरून घेणार असाल तर घ्या. चालवताना इंचाइंचाने सरकू नका. पुढे जागा होऊ द्या, मग एकदाच निघा.

अबार्थचं उलटं. क्लच झिजला तरी कुठलाही बरा मेकॅनिक हात घालतो, खर्च आवाक्यात. पण दोन हजार आरपीएमच्या खाली तिचा टर्बो पेंगतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये सारखा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. शिवाय फियाटने इथलं कार विक्रीचं दुकान कधीच आवरलंय, त्यामुळे पार्ट्ससाठी ओळखी लागतात. मात्र रविवारी पहाटे घोडबंदर रोड रिकामा मिळाला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती खेचायला लागली, की हे सगळं माफ. (शेजारी बसलेल्याचं मत वेगळं असू शकतं.)

आमचं मत विचाराल तर रोज बीकेसी गाठणाऱ्याने तिसरीच वाट धरावी. २०२० नंतरची १ लिटरची पोलो टीएसआय. ११० पीएस, आणि जीटीला साधा, टिकाऊ सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. डावा पाय खाजतच असेल, तर हेच इंजिन मॅन्युअलमध्येही मिळायचं. २०२२मध्ये पोलो बंद झाली, त्यामुळे चांगल्या गाडीचा भाव फार उतरेल अशी आशा ठेवू नका. अबार्थ घ्या, पण घरात ऑफिससाठी लोकलचा पास असेल तरच.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असायला हवं. डीएसजीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवते का, चढावर रिव्हर्स घेताना गचका बसतो का, ते बघा. स्कॅनर लावून एरर कोड वाचून घ्या. मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले पण वेग चढला नाही, तर क्लच संपला. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि विक्रेता म्हणेल, ‘रविवारी सकाळी या, रस्ता मोकळा असतो.’ त्याला सांगा, सोमवारी साडेनऊला काशिमिऱ्याला भेटू.