एक ध्वनिमुद्रिका आणि माझे कान

गाण्याची आवड बदलते म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांना वाटते, की जुने नावडते होते आणि त्या जागी नवे येऊन बसते. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. जुनी गाणी तितकीच प्रिय राहिली. ती ऐकणारा कान मात्र निराळा झाला. हे घडले एका लाँग प्लेमुळे आणि तेही महिनाभरात, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८३ साली मी डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात जात असे. घरात रेडिओ एक आणि माणसे पाच. मला हवी 'आपली आवड', अण्णांना, म्हणजे वडिलांना, हवा रात्रीचा ख्याल. माझ्या लेखी गाणे म्हणजे शब्द. ठाण्याचे राम मराठे अण्णांचे दैवत; 'मंदारमाला'तली त्यांची पदे मलाही आवडत, पण तान सुरू झाली की मी पुढच्या ओळीची वाट पाहत बसे. आणि विलंबित ख्याल म्हणजे दिव्याच्या अलीकडे सिग्नलला अडकून पडलेली लोकल! हे मी एकदा बोलूनही गेलो. अण्णांनी काही न बोलता रेडिओ बंद केला. त्यानंतर मी घरात असलो की त्यांनी ख्याल लावणेच सोडून दिले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्याच वर्षी एकदा वर्गातच मला घेरी आली आणि कावीळ निघाली. डोंबिवली गाठण्यापेक्षा तलावपाळीजवळचे मावशीचे घर जवळ. तिथेच मुक्काम पडला. उसाचा रस, साळीच्या लाह्या आणि सक्तीची विश्रांती. वाचायला बंदी. काकांकडे रेकॉर्ड प्लेअर होता. मावशी हाताला लागेल ती तबकडी लावून स्वयंपाकघरात जाई, आणि तिच्या हाताला नेहमी सगळ्यांत वरची लागे. ती होती 'कॉल ऑफ द व्हॅली'.

ही तबकडी एच. एम. व्ही.ने १९६७ साली काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. तिघे वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे. निर्माते जी. एन. जोशी, मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, तेच हे जोशी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत साडेतीन मिनिटांत सारे उरकावे लागे. लाँग प्लेच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मिळत, त्यामुळे एखादी कल्पना आरंभापासून अखेरपर्यंत मांडता येई. इथली कल्पना साधी आहे: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, दुपारी पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी.

पहिले दोन दिवस मी शब्दांची वाट पाहिली. (खरेच सांगतो!) शब्द येईनात, तेव्हा निरुपायाने मी वाद्यांकडे लक्ष देऊ लागलो. संतूर हे मूळचे काश्मिरातल्या सूफियाना मौसिकीतले वाद्य. त्याच्या तारांवर लाकडी कलमांनी आघात करायचा. सूर उमटतो आणि विरू लागतो. बासरीचा सूर श्वास असेतो टिकतो. काब्रांची गिटार मांडीवर आडवी. तारेवरून पट्टी सरकवली की एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येते. म्हणजे एकच स्वरवाक्य तिघांच्या हातात तीन तऱ्हेने येते: कुठे ठिपक्यांनी, कुठे सलग रेषेने, कुठे वळणाने. संतूरवर मींड येत नाही, म्हणून शास्त्रीय संगीताला ते चालणार नाही असा जाणकारांचा आक्षेप होता. शिवकुमारांनी कलम तारेवरून हलकेच घसरवून त्याला उत्तर दिले. हे सारे मला पुढे वाचून कळले. पण फरक कानाला आधीच कळला होता, कारण तीच तबकडी मी दिवसातून दोनदा ऐकत होतो. माझ्या मते मर्म इथेच आहे. एकदा ऐकून आवडते ते चटकन. पन्नास वेळा ऐकताना मात्र पुढचा सूर कुठला हे कान आधीच सांगू लागतो, आणि तो तसाच आला म्हणजे अंगावर काटा येतो.

तबकडीला देसच्या भागात एक चरा होता. तिथे सुई टुणकन उडी मारी. माझ्या मनातल्या देसमध्ये ती उडी आजही आहे.

बरा होऊन डोंबिवलीला परतलो. एका सकाळी रेडिओवर मन्ना डे यांचे 'मेरी सूरत तेरी आँखें' (१९६३) या चित्रपटातले गाणे लागले. शंभरदा ऐकलेले. पण या वेळी मी दात घासता घासता थांबलो. हा तर मावशीकडचा पहाटेचा राग! "अण्णा, हा अहिरभैरव ना?" मी विचारले. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. "कोणी सांगितले?" "कोणी नाही." त्या रात्री त्यांनी ख्याल लावला. मी उठून गेलो नाही. सगळा कळला असे मुळीच नाही, पण लोकल चालू होती एवढे कळले!

पुढे ते मला कल्याणच्या गायन समाजात मैफलींना नेऊ लागले. जिने चढताना रागाचे नाव ओळखण्याची आमची पैज लागे. बहुधा मीच हरे.

अण्णांना मात्र ही तबकडी फारशी मानवली नाही. "हे निसर्गचित्र झाले, राग कुठे उलगडला?" असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अहिरभैरव आणि नटभैरव मिळून बारा मिनिटांच्या आसपास. पुढचे तुकडे त्याहून लहान. इतक्यात बढत कशी व्हायची? या तिघांनी पुढे याहून कितीतरी खोल वाजवले आहे. पण विलंबित ख्यालाला कंटाळलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला त्या खोलीचा काय उपयोग होता? मेंढपाळाच्या दिवसाचे बोट धरूनच तो आत शिरला.

१० मे २०२२ रोजी शिवकुमार गेले. अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. संध्याकाळी मी मोबाइलवर ती ध्वनिमुद्रिका लावली. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून फोन कानाशी धरला. डोळे मिटून ते पूर्ण ऐकत राहिले. देस संपून पहाडी सुरू झाला, तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "अरे, तुझी ती उडी कुठे गेली?"