लाल झिंगा फिकट का पडला?

दुकानाच्या काचेमागे तो कसा लालचुटुक दिसत होता! पिशवीतून घरी आणला, टाकीत सोडला आणि बघता बघता त्याचा रंग उडाला. आता तो पाण्यात नीट दिसतही नाही. चेरी झिंगे पाळणाऱ्या कितीतरी घरांत पहिल्याच दिवशी असं होतं. मग ताई म्हणते, "याला रंग फासून विकला होता!" आजी म्हणते, "घाबरलंय बिचारं." दादा औषधाची बाटली शोधायला धावतो.

आजीचं बरोबर आहे. बाटली जिथे आहे तिथेच राहू द्या.

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. चेरी झिंगा म्हणजे गोड्या पाण्यातली दोन-तीन सेंटिमीटरची कोळंबीच. त्याचं मूळ गाव चीन आणि तैवानमधले ओढे. तिथे तो मुळीच लाल नसतो. हिरवट-तपकिरी, जरा आरपार दिसणारा, दगडांत आणि पाल्यात सहज लपणारा असतो. पाळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यातले जास्त लाल दिसणारे झिंगे निवडून त्यांचीच पिल्लं वाढवली आणि हा लाल झिंगा तयार झाला. पिवळे, निळे, काळेही असेच घडवले. सगळे रंग एकाच टाकीत ठेवले, तर त्यांची एकमेकांशी पिल्लं होतात आणि काही पिढ्यांत पुन्हा तेच हिरवट-तपकिरी झिंगे फिरू लागतात. त्यात आजार काही नसतो.

पण तुमच्या झिंग्याला पिढ्या लागल्या नाहीत. त्याचा रंग एका संध्याकाळीत गेला. तो कुठे गेला?

कुठेच नाही! झिंग्याच्या पातळ कवचाखाली रंगपेशी असतात. प्रत्येक पेशीला चांदणीसारखे फाटे फुटलेले असतात आणि आत रंगाचे अतिशय बारीक कण असतात. मूठभर रांगोळी अंगणात एका जागी ढीग करून ठेवली, तर लांबून एक ठिपका दिसतो. तीच रांगोळी पसरली की अख्खं अंगण रंगतं. रंगपेशीतही असंच होतं. कण फाट्याफाट्यांत पसरले की झिंगा लाल, सगळे मधोमध गोळा झाले की झिंगा फिकट. रंग तेवढाच असतो, फक्त जागा बदलतो. पिशवीतला प्रवास, नवं पाणी, खाली पांढरी वाळू, वर झगझगीत दिवा, यातलं काहीही कण गोळा व्हायला पुरेसं असतं. काळ्या वाळूवर हेच झिंगे जास्त गडद दिसतात. म्हणून दुकानदार बऱ्याचदा टाकीच्या तळाशी काळी वाळू घालतात.

पण या कणांना "पसरा" किंवा "गोळा व्हा" असा हुकूम कोण देतं? या प्रश्नामागची शोधकथा मला फार आवडते. 1928 साली अमेरिकेत पर्किन्स नावाच्या संशोधकाने समुद्रकाठच्या गवताळ पाण्यातल्या एका छोट्या कोळंबीवर प्रयोग केले. तीही काळ्या तळावर गडद आणि पांढऱ्या तळावर फिकट व्हायची. आपल्याला वाटेल, डोळ्यांनी पाहिलं आणि मज्जातंतूंनी निरोप पोचवला. पर्किन्सने मज्जातंतू तोडून पाहिले. रंग तरीही बदलला! मग त्याने रक्तवाहिनीतून जाणारं रक्त अडवलं. आता मात्र अडवलेल्या जागेच्या मागच्या भागाचा रंग बदलेना. म्हणजे निरोप रक्तातून येत होता. तो निघत कुठून होता? कोळंबीचे डोळे देठांवर असतात ना, त्या देठांमधून! दोन्ही देठ काढले की कोळंबी गडद होऊन तशीच राहायची, आणि देठांचा अर्क टोचला की फिकट पडायची.

रक्तातून असा निरोप नेणाऱ्या रसायनाला संप्रेरक म्हणतात. यातलं लाल कण गोळा करणारं संप्रेरक नेमकं कसं बनलेलं आहे, ते 1972 साली उलगडलं. फक्त आठ अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी! रोज रंग बदलणारी एक समुद्री कोळंबी इंग्लंडच्या किनाऱ्यावर आहे. दिवसा ती हिरवी किंवा तपकिरी असते आणि रात्री निळसर, आरपार होते. सकाळी पुन्हा आधीची!

आता महत्त्वाचं. फिकट पडणं वेगळं आणि पांढरं पडणं वेगळं. हा फरक ओळखता आला, तर तुम्ही झिंग्यांचे निम्मे डॉक्टर झालात.

फिकट झिंगा आरपार दिसतो. पोटातली अन्नाची काळी रेघसुद्धा दिसते. तो चालतो, पुढच्या इवल्या पायांनी दगडावरचं शेवाळ सतत वेचत राहतो. अशा झिंग्याला काही करू नका. दिवा मंद ठेवा, लपायला मॉससारखी पाणवनस्पती द्या आणि दोन-चार दिवस वाट पाहा. पिल्लं आणि नर तर एरवीही मादीपेक्षा फिकेच असतात. मादीच्या डोक्यामागे पिवळसर डाग दिसला तर आनंदाची बातमी आहे. ती आत तयार होत असलेली अंडी आहेत.

झिंग्याचं मांस दुधासारखं पांढरं आणि अपारदर्शक झालं असेल, तर मात्र काळजी करा. कधी स्नायूंत शिरलेले सूक्ष्म परजीवी याचं कारण असतात, तर कधी जिवाणू. असा झिंगा लगेच वेगळ्या भांड्यात ठेवावा, कारण तो मेला तर बाकीचे त्याला खातात आणि परजीवी त्यांच्याही अंगात जातात.

आणखी एक पांढरी खूण म्हणजे डोकं आणि शेपटीचा भाग जिथे जुळतात, तिथे अंगाभोवती गोल पांढरं कडं. झिंग्याचं कवच वाढत नाही, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते. कवच त्या सांध्यापाशी उकलतं आणि झिंगा एका झटक्यात बाहेर उडी मारतो. पूर्ण कडं दिसतं तेव्हा बऱ्याचदा तो जुन्या कवचात अडकलेला असतो आणि असा झिंगा क्वचितच वाचतो. पाण्यात कॅल्शियम कमी असलं किंवा एकदम खूप पाणी बदललं, तर हा धोका वाढतो. म्हणून पाणी थोडं थोडं बदलायचं. कात टाकली की टाकीत रिकामं, काचेसारखं कवच पडलेलं दिसतं. मेलेला झिंगा समजून रडू नका आणि ते काढूही नका. झिंगे ते खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतात.

खरंच मेलेला झिंगा बहुतेक वेळा गुलाबी-नारिंगी आणि अपारदर्शक दिसतो. घरी कोळंबी शिजताना पाहिली असेल, तर हा रंग तुमच्या ओळखीचा आहे. कोळंबीच्या अंगात अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचं लाल-नारिंगी रंगद्रव्य प्रथिनांना बांधलेलं असतं, त्यामुळे त्याचा खरा रंग झाकला जातो. उष्णतेने प्रथिनं उलगडतात आणि रंग मोकळा होतो. मेल्यावर प्रथिनं कुजतात, तेव्हाही तो असाच मोकळा होतो. या रंगद्रव्याचा कच्चा माल झिंग्याला स्वतः बनवता येत नाही. तो शेवाळातून मिळवावा लागतो. म्हणून शेवाळ न मिळणारा झिंगा हळूहळू, आठवड्याआठवड्याने फिका होतो. टाकी फार घासूनपुसून चकचकीत करू नका!

आता औषधाच्या बाटलीकडे येऊ. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. झिंग्याचं रक्त ऑक्सिजन वाहून नेतं ते तांब्याच्याच आधाराने, आणि म्हणून ते निळसर असतं. पण पाण्यात तेच तांबं थोडंसं जास्त झालं, तर झिंगे मरतात. ज्याच्यावर जगायचं, त्याचंच विष! तेव्हा माशांचं औषध या टाकीत नको आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणीही नको. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे टाकीचं पाणी तिशीच्या वर गेलं, तर तेही वाईट. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. टाकी खिडकीपासून दूर न्या आणि हवेचा पंप चालू ठेवा.

झिंगे फार वाढले, तर ओढ्यात सोडू नका, मित्रांना द्या. जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्रातलं गरम पाणी येतं. तिथे पाळीव चेरी झिंगे आता रानटी होऊन राहत आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत त्यांचेच चुलतभाऊ आधीपासून राहतात. त्यांच्या घरात नवे भाडेकरू कशाला?

आणि हो, घरात भिंग असेल तर एखादं फिकट पिल्लू काचेजवळ येईपर्यंत थांबा आणि त्याची पाठ नीट पाहा. लाल ठिपके सुटे सुटे दिसतील. आठवड्याने त्याच पिल्लाकडे पुन्हा पाहा आणि ठिपके आता किती मोठे, किती जवळजवळ झालेत, ते वहीत काढून ठेवा.