कार्ड रीडर : कॉम्प्युटरमधलाच घ्यायचा की बाहेरून लावायचा?

फोटो स्टुडिओ, अल्बम डिझायनिंग किंवा झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान टाकायचं ठरलं की पहिलं कोटेशन येतं कॉम्प्युटरचं. ते हातात घेऊन बरेच जण विचारतात, "यात कार्ड रीडर आतच आहे, मग घेऊन टाकू ना?" सगळ्या सेटअपमधली ही सर्वात स्वस्त वस्तू, म्हणून तिच्यावर कोणी फार विचार करत नाही. पण गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो याच फटीतून तुमच्याकडे येतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काउंटरवर रोज लोकांची कार्डं घ्यायची असतील तर बाहेरून लावायचा रीडर घ्या, आणि एक नाही, दोन घ्या.

कारण झीज. घरच्या लॅपटॉपमध्ये कार्ड जातं महिन्यातून एखाद-दोन वेळा. लग्नसराईत दुकानात ते दिवसातून वीस वेळा जाऊ शकतं. कुणाचं धुळीने भरलेलं, कुणाची कड फाटलेली, कुणाचं मायक्रो कार्ड ढिल्या अडॅप्टरमध्ये कोंबलेलं. स्लॉटच्या आतल्या बारीक पट्ट्या कधीतरी वाकणारच. जुन्या कॅमेऱ्यांचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड तर आणखी नाजूक प्रकरण, तिथे रीडरमध्ये सुईसारख्या पिना असतात. कार्ड तिरकं दाबलं की पिन आडवी. लॅपटॉपमधला स्लॉट बिघडला तर अख्खा लॅपटॉप दुरुस्तीला जातो, सोबत अर्धवट अल्बम आणि बिलांच्या फायली. बाहेरचा बिघडला तर ड्रॉवरमधून दुसरा काढून लावायचा, समोरच्याला कळतही नाही. रीडर काही शे रुपयांत येतो. ऐन सीझनमध्ये दोन दिवस मशीन बंद राहिलं तर किती बुडेल, ते तुमच्या रोजच्या गल्ल्यावरून काढा.

आतला रीडर वाईटच असतो असं नाही हं. तुम्ही स्वतःच फोटोग्राफर असाल, स्वतःचीच कार्डं घालत असाल, बाहेरगावी शूटला लॅपटॉप नेत असाल, तर आतला स्लॉट सोयीचा. अॅपलने मॅकबुक प्रोमधून २०१६ मध्ये एसडी स्लॉट काढला होता आणि २०२१ मध्ये परत दिला. फोटो-व्हिडिओवाल्यांना तो किती लागतो ते यावरून लक्षात येईल. शिवाय आतला रीडर हरवत नाही, कोणी "जरा देता का" म्हणून घेऊनही जात नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या पट्टीत बसणारा चार-पाच खाचांचा रीडर मात्र मी टाळतो. असे बरेच रीडर मदरबोर्डवर यूएसबी २.० च्या ९ पिनांवर जोडलेले असतात, आणि तिथेच वेगाची गोची होते.

वेगाचं नीट समजून घ्या, कारण दुकानदार इथेच फसतो. यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. मेगाबाइटमध्ये हे ६० होतात, आणि प्रत्यक्षात हातात पडतात ३०-३५. म्हणजे भरलेलं ६४ जीबी कार्ड उतरवायला अर्धा तास किंवा जरा जास्तच. तेच कार्ड चांगल्या यूएसबी ३.० रीडरमधून ९० च्या आसपास वेगाने उतरलं तर बाराएक मिनिटं. काउंटरवर तीन माणसं उभी असताना हा फरक फार मोठा आहे.

पण कार्ड, रीडर आणि पोर्ट यांत जो सगळ्यात हळू, त्याच्याच वेगाने काम होतं. साधारण यूएचएस-वन कार्डाची कमाल १०४ मेगाबाइट. यूएचएस-टू कार्डाच्या पाठीमागे सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी दिसतात, त्याची कमाल ३१२. हे कार्ड साध्या रीडरमध्ये चालतं, पण वेग यूएचएस-वनचाच मिळतो. तुमच्याकडे येणारे फोटोग्राफर टू वापरत नसतील तर महागड्या रीडरवर पैसे घालू नका. सीएफएक्सप्रेसवाला आला तर त्याचा रीडर वेगळाच लागतो. तसं काम नियमित यायला लागल्यावर घ्या, आधी नको.

खरेदीला जाताना तुमचं कार्ड सोबत न्या, त्यात एक-दोन जीबीचा एकच व्हिडिओ ठेवा आणि तो दुकानातच कॉपी करून वेग बघा. शेकडो छोटे फोटो घेतले तर वेग उगाच कमी दिसतो. वायर आखूड असलेला रीडर घ्या आणि डबल टेपने टेबलाला चिकटवून टाका. ओढाताण वाचते, हरवतही नाही.

आता सेकंडहँड मशीनवाल्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात. खूप जुन्या आतल्या रीडरला ती वाचता येत नाहीत, आणि स्क्रीनवर विचारणा येते, "डिस्क फॉरमॅट करायची का?" काउंटरवरच्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, या प्रश्नाला कायम 'कॅन्सल'. कार्ड काढून दुसऱ्या रीडरमध्ये बघायचं. दुसरा रीडर लागतो तो यासाठीही.

कार्ड हातात आलं की कडेचं लॉक खाली करा, बहुतेक रीडर मग त्यावर काही लिहू देत नाहीत. तुमच्या मशीनमधला व्हायरस गिऱ्हाइकाच्या कार्डात जाऊन सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, तर ते गावभर तुमचंच नाव सांगेल. मायक्रो कार्डाला लॉक नसतं, पण त्याच्या अडॅप्टरला असतं. फोटो 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. दोन्हीकडची फायलींची संख्या जुळवा, ती ऑर्डरच्या पावतीवर लिहा आणि 'इजेक्ट' करूनच कार्ड परत द्या. "जागा नाही, डिलीट करून द्या" म्हणाले तर ते त्यांच्याच हाताने करू द्या.

दोन्ही रीडरचं बिल दुकानाच्या नावाने घ्या. जीएसटी नोंदणी झाली असेल तर नंबर घालायला सांगा. वॉरंटीसाठी त्या बिलाचा फोटो काढून ठेवा, छापील अक्षरं सहा महिन्यांत उडून जातात.