सर्रा रोग व त्याच्या जंतूंचे संकेत

बैल मधूनमधून तापतो, चारा खाऊनही खंगत जातो, पायांवर व पोटाखाली सूज येते. अशा जनावरास सर्रा झाल्याचा संशय घ्यावा. हा रोग ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी ह्या एकपेशीय परोपजीवी जंतूमुळे होतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स ह्यांना डेरा इस्माइलखान भागातील घोडे व उंट ह्यांच्या रक्तात तो आढळला.

ह्याचा आफ्रिकेतील भाऊबंद ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा त्सेत्से माशीमार्फत पसरतो. जनावराच्या रक्तात तो प्रथम सडपातळ असतो व भराभर विभागतो. त्या वेळी तो काही पाचक द्रव्ये बाहेर सोडतो व ती प्रथिनांचे बारीक तुकडे करतात. जंतू वाढले की हे तुकडेही वाढतात. त्यांवरून गर्दी झाल्याचा संकेत प्रत्येक जंतूस मिळतो. मग तो विभागणे थांबवून आखूड व जाडसर होतो आणि माशीच्या पोटात जगण्यास सज्ज होतो. हे तुकडे जंतूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या द्वारे आत घेतले जातात, असे एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली दाखविले.

आपल्याकडील सर्र्याच्या जंतूने हे रूपांतर गमावले आहे. त्यास माशीच्या शरीरात वाढावयाचे नसते. टॅबॅनस ही मोठी, रक्त शोषणारी माशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यास चावली, की तिच्या सोंडेवरील ओल्या रक्तातून तो थेट पसरतो. शरीराने पुष्कळ जंतू मारले, तरी उरलेले आपले बाह्य आवरण बदलून पुन्हा वाढतात व ताप उलटतो. उपचाराअभावी घोडा बहुधा दगावतो. गाई-म्हशींत मात्र रोग पुष्कळदा दबून राहतो, आणि वरून धडधाकट दिसणारे जनावर इतरांच्या रोगाचे मूळ ठरते.

यास्तव पारोळा भागातील शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. जनावराचे रक्त अंगात ताप असतानाच तपासून घ्यावे. जंतू न दिसल्यास पुन्हा तपासावे.

२. सारंगखेडे येथील दत्तजयंतीच्या बाजारातून वा अन्यत्र घेतलेला घोडा प्रथम वेगळा बांधावा व त्याचे रक्त तपासावे.

३. पावसाळ्यात व त्यानंतर माश्या वाढतात. गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा, आजारी जनावर दूर बांधावे.

४. औषध पशुवैद्याकडूनच पूर्ण मात्रेत द्यावे. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास दाद देईनासे होतात.

माणसास हा रोग क्वचितच होतो. तथापि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास तो झाल्याचे आढळले व उपचाराने तो बरा झाला. म्हणून जनावराचे रक्त आपल्या उघड्या जखमेस लागू देऊ नये. ग्रामसेवकांनी ही माहिती गावोगावी समजावून द्यावी.