मतदानाविना निवडणूक : शिराळा ते सिंगापूर

सांगली जिल्ह्यातील शिराळा, म्हणजेच बत्तीस शिराळा, या गावाचे नाव काढले की बहुतेकांना नागपंचमी आठवते. मोरणा नदीकाठच्या या गावात गोरक्षनाथांच्या काळापासून जिवंत नागाची पूजा होत आली, अशी तेथील श्रद्धा आहे. आम्ही मात्र आज शिराळ्याविषयी लिहीत आहोत ते एका निवडणुकीच्या निमित्ताने. ही निवडणूक रीतसर जाहीर झाली होती. जागा ठरल्या होत्या, आरक्षणे ठरली होती, अर्ज भरण्याची मुदतही ठरली होती. परंतु अर्ज घेऊन कोणी गेलेच नाही.

प्रकरण असे घडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागास संरक्षण आहे. या कायद्याच्या आधारे न्यायालयीन वाद उभा राहिला आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नाग पकडणे, त्यांची मिरवणूक काढणे व स्पर्धा भरविणे बंद झाले. गावास हे फार लागले. नागाला आम्ही मारीत नाही, पूजतो, मग आमच्यावर बंदी का, असा गावकऱ्यांचा प्रश्न होता. मुक्या जिवाला मडक्यात कोंडून ठेवणे ही पूजा कशी, असा प्राणिमित्रांचा प्रतिप्रश्न होता. या वादात शिरण्याचे आमचे प्रयोजन नाही. याच सुमारास शिराळ्याची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत आली व २०१६ च्या अखेरीस तिच्या १७ जागांसाठी पहिली निवडणूक लागली. नागपंचमीचा प्रश्न सुटत नाही तोवर निवडणूक नको, असे गावाने ठरविले. शिराळ्याचे राजकारण गटातटांचे आणि चुरशीचे म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही त्या वेळी कोणत्याच गटाने अर्ज भरला नाही.

हा निर्णय शहाणपणाचा होता काय? आमच्या मते गावाने शस्त्र चुकीच्या ठिकाणी चालविले. वन्यजीव कायदा संसदेचा, आदेश न्यायालयाचा. नगरपंचायतीला त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. नगरपंचायतीच्या हाती असते ते नळाचे पाणी, गटारे, रस्त्यावरचे दिवे, कचरा, बांधकामाचे परवाने. लोकनियुक्त सदस्य नसले म्हणून ही कामे थांबत नाहीत. शासनाचा प्रशासक ती पाहतो आणि त्याला जाब विचारण्यासाठी गावाकडे नगरसेवक नसतो. म्हणजे रुसवा दिल्लीवर आणि उपवास घरच्यांना, असे झाले.

तथापि, या बहिष्काराला निव्वळ हट्ट म्हणणेही अन्यायाचे होईल. सरकारला पाठ दाखवून आपले म्हणणे मांडण्याची रीत या मुलखात जुनी आहे. याच शिराळा तालुक्यात, वारणाकाठच्या बिळाशी गावी, १९३० साली स्त्रीपुरुषांनी जंगल सत्याग्रह केला, जंगलाचा कायदा मोडला, झेंडा उभारला आणि तो उतरविण्यासाठी सरकारला पोलिसांचा फौजफाटा आणावा लागला. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिसरकार त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग, शिराळ्यासह, तेव्हा त्यातच होता. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे लोक आपली भांडणे नेत व इंग्रजांच्या कचेरीकडे फिरकत नसत. परंतु एक फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. प्रतिसरकारने इंग्रजांच्या कचेरीकडे पाठ फिरविली तेव्हा त्याने दुसरी कचेरी उभी केली होती. २०१६ च्या शिराळ्यात नाकारलेल्या खुर्चीच्या जागी दुसरी खुर्ची नव्हती.

आणखी एक गोष्ट या गडबडीत फारशी बोलली गेली नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की निधी वाढतो, पण ग्रामसभा जाते. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. तेथे गावातील कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. नगरपंचायतीत तसा हक्क मतदाराला उरत नाही. सभा नगरसेवकांची असते. म्हणजे ज्या क्षणी शिराळ्याच्या रहिवाशांची थेट बोलण्याची जागा गेली, त्याच क्षणी त्यांनी आपल्या वतीने बोलणारेही निवडले नाहीत.

मतदानाविना पार पडणाऱ्या निवडणुकीचा व्यवस्थित नमुना पाहावयाचा तर सिंगापूरकडे जावे लागते. हे एक शहर हेच एक राष्ट्र आहे. क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वस्ती ६० लाखांवर, त्यांत नागरिक सुमारे ३६ लाख. बाकीचे नोकरीधंद्यासाठी राहणारे असून त्यांना तेथे मत नाही. तिकडे गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांची हीच स्थिती आहे. १९५९ साली स्वशासन मिळाल्यापासून तेथे पीपल्स ॲक्शन पार्टी हा एकच पक्ष सत्तेवर आहे. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी वेगळे होऊन स्वतंत्र झाले. तेव्हाही सत्ता याच पक्षाकडे होती व आजही आहे.

तेथे मतदान सक्तीचे आहे. सबळ कारणाविना मत न देणाऱ्याचे नाव यादीतून काढले जाते व ते पुन्हा घालण्यासाठी ५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात. त्यामुळे मतदान नव्वद टक्क्यांच्या वर जाते. आपल्याकडील आकडे पाहता कोणासही हेवा वाटेल. परंतु ही सक्ती मतदान होणार असेल तेव्हाची. मतदारसंघात एकाच पक्षाने अर्ज भरला तर मतदान होतच नाही, उमेदवार तेथल्या तेथे निवडून येतो. १९६८ साली ५८ पैकी ५१ जागा अशा बिनविरोध गेल्या. १९९१, १९९७ आणि २००१ या तिन्ही निवडणुकांत अर्ज भरण्याच्या दिवशीच सत्तारूढ पक्षाला बहुमत मिळून गेले होते. २००१ मध्ये ८४ पैकी ५५ जागांवर विरोधी उमेदवारच नव्हता. सक्तीच्या मतदानाच्या देशात चाळिशी ओलांडलेले, पण एकदाही मत न दिलेले नागरिक असावेत, हे वाचून आम्हांस प्रथम खरे वाटेना.

असे का होते? धाकदपटशा हे एकमेव उत्तर नव्हे, जरी विरोधकांवरील खटल्यांचा इतिहास तेथे आहे. कारभार स्वच्छ, घरे सरकारने बांधून दिलेली, रोजगार भरपूर. त्यामुळे अनेकांना बदलाची गरज भासली नाही. परंतु नियमांचाही हात आहे. १९८८ पासून तेथे बहुसदस्य मतदारसंघ आले. त्यांत पक्षाला एक उमेदवार नव्हे, तर चार-पाच जणांचा संपूर्ण चमू उभा करावा लागतो व मतदार त्या चमूला एकच मत देतो. २०२५ मध्ये प्रत्येक उमेदवाराची अनामत रक्कम १३,५०० सिंगापूर डॉलर होती. पाच जणांची मिळून आपल्या हिशेबाने चाळीस लाख रुपयांच्या वर गेली. लहान पक्षाला हे कसे झेपावे?

या चमूत निदान एक जण मलय, भारतीय वा अन्य अल्पसंख्य समाजाचा असावा लागतो. आपणही संख्येने लहान समाज असल्यामुळे या तरतुदीकडे थोडे थांबून पाहावे असे वाटते. तिच्यामुळे अल्पसंख्य प्रतिनिधी संसदेत हमखास पोहोचतो, ही मोठी गोष्ट आहे आणि आपल्या देशात ती हमी नाही. पण तो पोहोचतो चमूच्या पाठीवर बसून. त्याला वेगळे निवडण्याची वा वेगळे नाकारण्याची सोय मतदाराला नाही, मग तो मतदार त्याच समाजाचा का असेना. २०१७ साली राष्ट्राध्यक्षपद मलय समाजासाठी राखीव झाले. पात्र ठरलेल्या एकमेव उमेदवार हलीमा याकूब होत्या. त्या बिनविरोध अध्यक्ष झाल्या आणि ज्यांच्यासाठी पद राखीव होते त्या मलय मतदारांनाही मत द्यावयास मिळाले नाही.

शिराळ्याच्या वाचकांना रस वाटेल अशी बाब म्हणजे सिंगापुरात नगरपालिकेची वेगळी निवडणूकच नाही. वसाहतींची साफसफाई, लिफ्ट, जिने, बागा यांची देखभाल टाउन कौन्सिल पाहते व ती तेथील खासदारच चालवितो. त्यामुळे खासदाराला मत म्हणजे लिफ्टलाही मत. १९९० च्या दशकात सरकारने उघड सांगितले होते की इमारतींच्या सुधारणेत आम्हांस पाठिंबा देणाऱ्या वसाहती आधी, इतर मागाहून. हौगांग आणि पोटोंग पासिर येथील रहिवाशांनी तरीही वर्षानुवर्षे विरोधी पक्षाचा उमेदवार निवडला आणि सुधारणेची वाट पाहिली. गावच्या रस्त्यासाठी आमदारनिधीची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेथील चित्र पुढे पालटत गेले. २०११ मध्ये वर्कर्स पार्टीने प्रथमच एक बहुसदस्य मतदारसंघ जिंकला. २०१५ मध्ये स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्व जागांवर लढत झाली. ३ मे २०२५ च्या निवडणुकीत सत्तारूढ पक्षाला ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या, पण पाच जागांचा एक मतदारसंघ पुन्हा बिनविरोध गेला व सव्वा लाखाहून अधिक मतदार घरी राहिले.

हे सारे परक्या देशाचे म्हणून सोडून देता आले असते, जर बिनविरोध हा शब्द आपल्याकडे इतका लाडका नसता. ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की वर्तमानपत्रात छायाचित्र येते, गुलाल उधळला जातो. तंटे टळतात, खर्च वाचतो, भाऊबंदकी वाढत नाही, हे खरेच आहे. २०२० च्या अखेरीस तर काही लोकप्रतिनिधींनी बिनविरोध गावांना लाखो रुपयांचा निधी जाहीर केला. त्याच हंगामात नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदासाठी लिलाव होऊन बोली दोन कोटी पाच लाखांवर गेल्याचे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ती ४२ लाखांवर गेल्याचे उघडकीस आले. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. लिलावात बोली लावू न शकणारा शेतमजूर, विधवा बाई, वस्तीवरचा तरुण यांचे मत त्या एकोप्यात कोठे होते, हे कोणी विचारले नव्हते.

कोणताच उमेदवार पसंत नसेल तर तसे सांगण्याचा मार्ग आता आहे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ‘नोटा’चे बटण आले. महाराष्ट्राच्या आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यापुढे जाऊन ठरविले की स्थानिक निवडणुकीत नोटालाच सर्वाधिक मते पडली तर निवडणूक नव्याने घ्यावी. शिराळ्याचा रोष नोंदविण्यासाठी हे बटण कितीतरी बरे होते. पण ते दाबण्यासाठी आधी कोणीतरी अर्ज भरलेला असावा लागतो. बिनविरोध निवडणुकीत यंत्रच येत नाही, मग बटण कोठून येणार?

शिराळ्याचा बहिष्कार कायम राहिला नाही. मे २०१७ मध्ये तेथे नगरपंचायतीसाठी मतदान झाले व १७ नगरसेवक निवडून आले. नाग तेव्हाही परतले नव्हते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञान पुढील पिढीस देण्याच्या शैक्षणिक हेतूने २१ जणांना नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली. स्पर्धा व मिरवणुका बंदच राहिल्या. परवानगी आली ती दिल्लीहून.

मात्र दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडली होती. २०१७ च्या नगरपंचायतीची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झालीच नाही. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३ यू सांगते. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि महाराष्ट्रातील बहुतेक नगरपालिका, महानगरपालिका व जिल्हा परिषदा तीन-तीन वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ज्या गावाने स्वतः निवडणूक नाकारली म्हणून त्याच्यावर टीका झाली होती, त्याच गावाला आता शासनव्यवस्थेने निवडणूक नाकारली, तीही कितीतरी अधिक काळ. सिंगापुरात निवडणूक चुकत नाही, लढत चुकते. आपल्याकडे लढायला माणसे तयार होती आणि निवडणूकच येत नव्हती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर हे चक्र हलले व २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान सुरू झाले.

२०१६ साली जी मुले शिराळ्याच्या शाळेत तिसरी-चौथीत होती आणि मोठ्यांच्या तोंडी बहिष्कार हा शब्द ऐकत होती, ती आता अठरा वर्षांची होऊन मतदारयादीत आली आहेत.