नागपूरचे शेवटचे लाटसाहेब आणि त्यांची बदली

कळमेश्वरहून काटोल रोडने एस.टी. नागपुरात शिरली की पुढे सदरमध्ये राज्यपालांचे निवासस्थान लागते. इंग्रजांच्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडचे गव्हर्नर, म्हणजे लाटसाहेब, तिथेच राहात. त्यातले शेवटचे इंग्रज लाटसाहेब सर फ्रेडरिक बोर्न. आम्ही कारकुनी करणारी माणसे. रुजू होणे, चार्ज देणे, बदली हे आमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. म्हणून या साहेबांच्या नोकरीकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

बोर्न यांचा जन्म १८९१ चा. आय.सी.एस. होऊन पंजाबात चढत चढत ते मुख्य सचिव झाले. १९४६ मध्ये काही महिने आसामचे हंगामी गव्हर्नर होते. त्याच वर्षी ते नागपूरला सर हेन्री ट्वायनम यांच्या जागी आले.

ते आले तेव्हा आपली वस्ती तापलेली होती. मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र हक्कांना जागाच ठेवलेली नव्हती. प.पू. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने जुलैत पुण्याला आणि सप्टेंबरात नागपूरला विधिमंडळासमोर सत्याग्रह केला. शेकडो माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती : येणाऱ्या स्वराज्यात आमच्या वाट्याला काय, ते आधी सांगा! १९३५ च्या कायद्यात अल्पसंख्याकांच्या रास्त हिताची खास जबाबदारी गव्हर्नरवर टाकलेली होती. पण ती पुस्तकात. कारभार पं. रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ चालवीत होते, आणि इंग्रज सरकार बिछाना गुंडाळण्याच्या घाईत होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला मंगलदास पक्वासा यांनी नागपूरचा चार्ज घेतला. मग बोर्नसाहेब विलायतेला गेले का? नाही. त्यांची बदली झाली! त्याच दिवशी ते ढाक्याला पूर्व बंगालचे गव्हर्नर म्हणून रुजू झाले. पाकिस्तानने आणखी दोन प्रांतांत इंग्रज गव्हर्नर घेतले. भारतानेही मुंबईला सर जॉन कोलव्हिल आणि मद्रासला सर आर्चिबाल्ड नाय यांना काही काळ ठेवले होते. मात्र स्वातंत्र्याच्या कायद्याने गव्हर्नरांचे स्वतःच्या मर्जीने वागण्याचे अधिकार काढून घेतले होते. पगार होता, बंगला होता. पण मंत्रिमंडळ सांगेल तिथे सही.

आणि ढाक्याच्या त्या प्रांतात कोण राहात होते? नमःशूद्र शेतकरी, आपलीच माणसे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांचा घटना समितीचा रस्ता बंद झाला, तेव्हा बंगालच्या विधिमंडळातून त्यांना निवडून आणण्यासाठी झटले ते जोगेंद्रनाथ मंडल याच समाजाचे. देश फुटल्यावर बाबासाहेब दिल्लीत कायदेमंत्री आणि मंडल पाकिस्तानात कायदेमंत्री!

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावात नमःशूद्रांवर अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बरिसाल पेटले. बोर्नसाहेब ३१ मार्च १९५० ला चार्ज देऊन मोकळे झाले. मंडल यांना मोकळे होता आले नाही. ८ ऑक्टोबर १९५० च्या राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी गावांची नावे घालून हे सारे पंतप्रधान लियाकत अली खान यांना लिहिले आणि ते भारतात आले.

माणसांचे लोंढे त्यानंतरही येत राहिले, १९६४ च्या दंगलींनंतर तर फारच. त्यातली कितीतरी कुटुंबे आपल्या विदर्भातच वसवली गेली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात आजही बंगाली बोलणारी गावे आहेत. साहेब नागपूरहून ढाक्याला गेले सरकारी हुकमाने. ही माणसे तिकडून इकडे आली ती डोक्यावर गाठोडे घेऊन. बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत मात्र हे नाव घातले गेले नाही, म्हणून तिथल्या पोरांनी जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या किती खेपा घातल्या असतील, ते त्या कचेरीतल्या कारकुनाला विचारावे.